नवीन कागद घे

थूल सरांना चेहरे लक्षात राहत नसत. सेलूच्या बस स्टँडवर समोरासमोर भेटलात, वाकून नमस्कार केलात, तरी सर 'हो हो, बरं बरं' म्हणत पुढं निघायचे आणि चार पावलांवर बायकोला विचारायचे, "कोण होती वो हे पोट्टी?" पण तुम्ही टाइप केलेलं एक पान त्यांच्या हातात द्या आणि मग गंमत बघा. पान खिडकीच्या उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि तुमची अख्खी कुंडली मांडायचे.

माझी मांडली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बारावीत आपली पोरगी काही दिवे लावणार नाही हे ओळखून बाबांनी मला टायपिंगला घातलं होतं. कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर सरांचा क्लास. आठ मशीनं, एक फळा, आणि खालून येणारा खताचा वास. पहिल्या महिन्यातलं माझं एक पान सरांनी उजेडात धरलं आणि विचारलं, "काऊन वो भोयर, डाव्या अनामिकेले काय लागलं?"

मी हात पाठीमागे लपवला. सकाळी विळीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरताना बोट कापलं होतं, आणि आई ओरडेल म्हणून मी ते घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.

"त्या बोटाची सारी अक्षरं फिक्की पडली," सर म्हणाले. "जोर नाई लागून राह्यला. हळद लाव आन दोन दिवस येऊ नोको. पान खोटं नाई बोलत."

पान खोटं बोलत नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. एकदा एका दांडगट मुलाचं पान बघून म्हणाले, "बापासंग भांडून आला काय बे? टिंबाटिंबाले भोक पाडलं कागदाले." तो मुलगा तिथल्या तिथं रडायला लागला. आम्ही पोरी तोंडात ओढणी कोंबून बसलो होतो, पण नंतर वाटलं, या माणसासमोर काही लपत नाही बुवा.

दुसरं वाक्य ऐकलं की आमच्या अंगावर काटा यायचा. ते म्हणजे "नवीन कागद घे." त्या क्लासात रबर नव्हतं, पांढरी शाई नव्हती. चूक झाली की मशीनमधून कागद ओढायचा, नवा लावायचा आणि पहिल्या अक्षरापासून सुरू करायचं. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दात चुकलात तरी तेच. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, एकच तर अक्षर आहे, खोडते ना." सर म्हणाले, "खोडलं म्हंजे लपवलं. लपवलेली चूक उद्या पुना येते. नवीन कागद घे." मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

आणि तिसरी गोष्ट हजेरीची. बॅचमध्ये पंधरा जण असोत की एकटा, सर रजिस्टर उघडून आडनावानं हजेरी घ्यायचे. यादीत शेवटचं नाव असायचं 'मेश्राम'. मेश्राम म्हणजे त्यांची बायको, कुसुमबाई. लग्नाआधी त्या सरांच्या पहिल्या बॅचला होत्या. मग लग्न झालं, त्या थूल झाल्या, पण सरांच्या तोंडातलं मेश्राम काही गेलं नाही. क्लासाच्या मागच्या दोन खोल्यांतच दोघांचं घर. सर पुकारायचे, "मेश्राम!" आणि स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजावरून, खणखणीत उत्तर यायचं, "हजर, सर!" भांडण झालेलं असलं तर "गैरहजर!" यायचं आणि आम्ही खिदळायचो. सर मात्र शांतपणे गैरहजेरीची खूण करायचे. खोटी हजेरी त्यांनी बायकोलासुद्धा कधी लावली नाही.

मूलबाळ नव्हतं. ते दोघं, आठ मशीनं आणि आम्ही. टायपिंगमध्ये बाई सरांपेक्षा जलद. सर ते उघड कबूल करायचे. "स्पीडले ते, तपासाले मी," असं म्हणायचे आणि बाई पदर सावरत हसायच्या.

पुढं मी इंजिनीअर झाले, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले. दिवसभर टाइप करायचं आणि टाइप केलेलं खोडायचं, याचेच मला पैसे मिळतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून घरून काम करायची परवानगी घेऊन मी सेलूला आले. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "थुलांच्या कुसुमबाईले झटका आला वं भादव्यात. उजवा अंग गेला. वाचाबी गेली."

मी गेले तेव्हा सर हजेरी घेत होते. विद्यार्थी एकही नव्हता. क्लास कधीच बंद पडला होता, दोन मशीनं रेक्झिनच्या खोळीत होती आणि सहा जुन्या कम्प्युटरांतला एक चालत होता. खिडकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बाई बसलेल्या. उजवा हात मांडीवर, कुणीतरी दुसऱ्यानं आणून ठेवल्यासारखा. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे मान वळवली.

"भोयर," सरांनी पुकारलं. चेहरा ओळखला की पावलांचा आवाज, कोण जाणे.

"हजर, सर."

"मेश्राम."

बाई भिंतीकडेच बघत राहिल्या. सर थांबले. चांगलं मिनिटभर थांबले. मग रजिस्टर मिटलं. मी वाकून पाहिलं होतं. बाईंच्या नावापुढं भादव्यापासूनच्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. हजर नाही आणि गैरहजरही नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सरांना बजावलं होतं, जे काही परत यायचं ते पहिल्या तीनचार महिन्यांतच येतं. त्यांना बोलतं करा, कशानंही करा, पण त्यांनी मनातून सोडून दिलं तर मग अवघड आहे. त्यातले दोन महिने गेले होते. मोबाइलवर चित्रं दाबून बोलायचं काहीतरी कुणीतरी घालून दिलं होतं. बाईंचं बोट काचेवर घसरायचं, पाण्याऐवजी भलतंच उघडायचं. चौथ्या दिवशी त्यांनी मोबाइल डाव्या हातानं खाली ढकलून दिला.

"तिच्या बोटाले काच नाई समजत," सर म्हणाले. "बटन समजते. एक दाबलं का पाणी, दोन दाबलं का दुखते, तीन म्हंजे उठवा, चार म्हंजे थंडी वाजते. पडद्यावर मोठ्या अक्षरात याव, आन मशीनीची घंटी वाजाव, ओळ संपली का वाजे तशी. मी आत भाजीत असलो तरी मले ऐकू याव. भोयर, असं होते का?"

"दहा मिनिटांचं काम आहे सर. आत्ता करून देते."

"तू नोको करू. मले शिकव."

मी समजावलं, हट्ट केला, शेवटी रागावले. सर ऐकेनात. "तू जाशीन पुण्याले. बिघडलं त मी कोणाले हाका मारू? आन दुसऱ्याच्या हातचं पान मी तपासतो, आपलं म्हणून देत नाई." एकसष्टाव्या वर्षी माणूस आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहायला बसला, आणि त्याच्यापाशी दोन महिने होते.

मी सोपी भाषा घेणार होते. पण माझ्या लॅपटॉपवर नोकरीचं काम उघडं होतं, ते रस्ट नावाच्या भाषेत. सरांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, रस्ट म्हणजे गंज. "माह्या मशीनीले चढला थोच?" म्हणाले आणि हसले. मी आल्यापासूनचं ते पहिलं हसू. तेवढ्यात माझी एक चूक झाली आणि कम्पायलरनं, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी तो वाचून तपासणाऱ्यानं, ती पकडली. पडद्यावर माझीच ओळ आली, चुकलेल्या अक्षराखाली खूण आली आणि खाली लिहून आलं की असं करून बघा.

सर खुर्ची ओढून पुढं आले. "हा त माह्यासारखा तपासते! बरोबर अक्षराखाली बोट ठेवते."

"फार खडूस आहे सर हा. दुसऱ्या भाषा चूक असली तरी निघतात आणि मधेच तोंडावर आपटतात. हा आधीच दारात अडवतो. सगळ्या गुंड्या लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू देत नाही."

"आधीच थांबवते?"

"हो."

"चूक असन त पुढं जाऊच देत नाई?"

"नाहीच देत."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "मले हाच पाह्यजे." मला वाटलं, म्हातारा हौशी आहे. हौस नव्हती, हे मला पुढं कळलं.

रोज दुपारी बाई झोपल्या की मी जायचे. पहिला प्रोग्रॅम म्हणजे पडद्यावर एक वाक्य उमटवायचं, बस. त्यात उद्गारचिन्ह येतं. सरांनी सवयीनं आधी वरचा स्वल्पविराम मारला, मग कॅरेज, म्हणजे कागदाचा रूळ, एक घर मागं न्यायला बटण शोधू लागले. त्यांच्या मशीनवर उद्गारचिन्हाचं बटणच नव्हतं, स्वल्पविरामाखाली टिंब मारून ते बनवायचे. महिरपी कंस तर त्यांनी उभ्या आयुष्यात टाइप केले नव्हते. "हे मिशा कायच्या?" म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी बेरजेचा प्रोग्रॅम घेतला. सरांनी एकाच्या आकड्याऐवजी इंग्रजी एल मारला, कारण जुन्या मशीनवर एकाच्या आकड्याचं बटणही नसे, एलच एक म्हणून चालायचा. कम्पायलर अडून बसला. सर पडद्याला नाक लावून बसले, "बरोबर त हाय! एकच त हाय!" आणि मी पोट धरून हसले. आतल्या पलंगावरून जाग्या झालेल्या बाई आमच्याकडे बघत होत्या. मी हसणं थांबवलं तशी त्यांनी मान फिरवली.

पण खरी आफत वेगळीच होती. प्रत्येक चुकीला सर अख्खा प्रोग्रॅम पुसायचे आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहायचे. नुसतं अक्षर बदलायचं असलं तरी. प्रत्येक फाइलला नाव 'प्रत' आणि पुढं आकडा. प्रत नऊ, प्रत सतरा, प्रत तीस. न समजलेली एकही खूण टाइप करायची नाही, हा आणखी एक नेम. ओळ वाचायचे, हे चिन्ह कशाला, ते कशाला, सगळं वहीत उतरवून घ्यायचे. कार्तिक संपला. तुरी कापणीला आल्या. बाईंनी खिचडीचा चमचा हातानं बाजूला सारायला सुरुवात केली. सर दर घासाला विचारायचे, "मेश्राम, मीठ कमी झालं का? नाई आवडलं का? सांग ना वं काहीतरी." बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण ते मिठासाठी होतं की दुखतंय म्हणून, ते कसं कळणार? सर टॉवेलनं त्यांचं तोंड पुसायचे आणि मग स्वतःचं.

प्रत चाळीस झाली त्या दिवशी माझा तोल सुटला. एक अर्धविराम राहिला होता. एक! आणि सरांनी पुन्हा सगळं पुसलं.

"सर, पुरे करा हे!" मी ओरडले. "मागं जायचं बटण आहे समोर. ते दाबा! वेळ कुठाय आपल्यापाशी? त्या जेवत नाहीयेत, दिसत नाही का तुम्हाला?"

सर उठले. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि माझ्यासमोर तीन कागद ठेवले. तहसीलमध्ये द्यायचं कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र, मशीनवर टाइप केलेलं. तिन्ही कागदांवर तेच आणि तिन्ही अर्धवट.

"वाच," म्हणाले. "तुले येते वाचता. मी शिकवलं."

मी वाचायला घेतलं. पहिल्या कागदावर दोन ओळी स्वच्छ होत्या. तिसऱ्या ओळीपासून काही अक्षरं फिकट. फक्त उजव्या हाताची. डाव्या हाताची ठसठशीत, काळीभोर. दुसऱ्या कागदावर उजव्या हाताची अक्षरं चुकलेली. तिसऱ्या कागदावर ती नव्हतीच. डाव्या हाताची तेवढी उमटलेली, मधे मोकळ्या जागा.

"झटका आला त्या सकाळी बसली होती टाइप कराले," सर म्हणाले. "पह्यला कागद आणून दाखवला. बोलली काईच नाई, नुसतं दाखवला. मी म्हटलं, मेश्राम, उजवा हात झोपला काय? नवीन कागद घे. तिनं घेतला. दुसरा आणला. मी गिऱ्हाइकासंग बोलत होतो. पाह्यलंबी नाई नीट. नवीन कागद घे म्हटलं. तिनं पुना घेतला." त्यांचा आवाज चिरकला. "पोट्ट्यांची कापलेली बोटं वळखतो ना मी? साऱ्या सेलूची बोटं वळखतो. आन माह्या घरची... अख्खा उजवा हात सांगून राह्यला होता भोयर! पान खोटं नाई बोलत. मीच नाई वाचलं. तिसऱ्या कागदावर स्टुलावरून पडली."

खाली कृषी केंद्रात कुणीतरी पोती मोजत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तिले तीन कागद घ्याले लावले मी," सर म्हणाले. "आता माह्या वाट्याले कितीबी येऊ दे." आणि त्यांनी प्रत एकेचाळीस लिहायला घेतली.

त्यानंतर मी ओरडले नाही. पण मनात म्हणत होते, हे प्रायश्चित्त आहे हो सर, पण त्याची किंमत बाई देताहेत.

अखेर चार आकडे आणि चार शब्दांचा प्रोग्रॅम तयार झाला. अक्षर न् अक्षर बरोबर. आणि कम्पायलर पुन्हा अडला. मी सरांना समजावलं, हा विचारतो आहे की या चारांखेरीज भलतंच काही दाबलं तर काय करायचं? त्याचं उत्तर द्या, नाहीतर मी सोडत नाही.

"काऊन दाबन ते दुसरं? चारच त शिकवनार हो मी."

"दाबणार नाहीत हे त्याला कुठं माहीत? जे जे होऊ शकतं त्या सगळ्याला त्याला उत्तर पाहिजे. आपण धरून चाललेलं त्याला चालत नाही."

हे शेवटचं वाक्य सरांना लागलं असावं. ते त्या ओळीपुढं दोन दिवस नुसते बसून राहिले. काय लिहावं ते सुचेना. तिसऱ्या दिवशी बाईंना बारीक ताप होता. सर आत पेज करायला गेले आणि मी तो गुन्हा केला. एकच ओळ टाकली. बाकी काहीही दाबलं तर पडद्यावर यावं, 'समजलं नाही.' असंच तर सगळे लिहितात. कम्पायलरनं मुकाट्यानं सोडलं. दीड महिन्यात पहिल्यांदा तो प्रोग्रॅम चालू झाला.

सर पेजेची वाटी घेऊन बाहेर आले. पडद्याकडे पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच्या हातची एक ओळ त्यांना खोलीच्या दारातून कळली.

"हे तुह्यं हाय."

"सर, चालतंय ना आता..."

"काय लिहिलं तू हे? समजलं नाई?" वाटी त्यांनी इतक्या जोरात ठेवली की पेज सांडली. "तीन महिने झाले, सारी दुनिया तिले हेच सांगून राह्यली! डॉक्टर तेच, शेजारी तेच, मीबी तेच. काय म्हणतं वं, समजलं नाई, पुना सांग. आता मशीनबी तेच सांगन का तिले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी सगळं पुसलं. पहिल्या अक्षरापासून लिहायला बसले. या वेळी थांबले नाहीत, वहीत पाहिलं नाही. दहाही बोटं, पडद्याकडे नजर, जसं आम्हाला शिकवायचे तसं. शेवटच्या ओळीवर आले आणि बाकी सगळ्याचं उत्तर लिहिलं. 'हजर, सर.'

कम्पायलर काही बोलला नाही. एकही खूण नाही. प्रत चौसष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंची खुर्ची कम्प्युटरपुढं आणली. एंटरच्या बटणावर बाईंचीच एक लाल टिकली चिकटवली. बाईंचा डावा हात उचलून एकच्या आकड्यावर ठेवला. "हे पाणी," म्हणाले. "हे दाब, मंग टिकली दाब."

बाईंनी बोट उचललं. हात हवेत थांबला. मग आकड्यावरून खाली सरकला. खाली न बघता तो हात आपल्या जागी बसला, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, मधल्या ओळीवर. आणि चालायला लागला. ए एस डी एफ जी एफ. टायपिंगचा पहिला धडा. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला सरांनी शिकवलेला, डाव्या हाताचा. तोंडातून सगळे शब्द गेले होते, पण बोटांतून हे गेलं नव्हतं. बोटांनी सहा अक्षरं मारली आणि आडवा हात नेऊन टिकली दाबली.

टुंग.

पडद्यावर उमटलं, हजर, सर.

सरांनी रजिस्टर उघडलं. पडद्याकडे बघतच लावलेली हजेरीची खूण चौकटीबाहेर गेली. ती त्यांनी खोडली नाही. बाई पडद्याकडे बघत होत्या. मग सरांकडे बघितलं आणि तोंडाच्या डाव्या बाजूनं हसल्या. सर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. मी उठून खिडकीशी गेले.

नऊ दिवस रोज हजेरी झाली. पाणी बाईंनी दोनदा मागितलं, उठवा एकदा. बाकी सारा वेळ ए एस डी एफ जी एफ. सर आत कणीक मळत असले तरी घंटी वाजली की पिठाच्या हातानं धावत यायचे, "बोल मेश्राम!" आणि पडद्यावर तेच असायचं. चिडले नाहीत कधी. त्या चमचाभर जेवायलाही लागल्या होत्या. मला वाटलं, जिंकला म्हातारा. दहाव्या दिवशी ताप छातीत उतरला आणि वर्ध्याला नेईपर्यंत बाई गेल्या.

आठ दिवस लवकर झालं असतं तर? प्रत चाळीसलाच मी ती चूक दुरुस्त केली असती तर? हे मी सरांना विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. पण दोघांनाही तो प्रश्न माहीत आहे आणि त्याला कुठलीही ओळ लिहून उत्तर देता येत नाही.

पुण्याला परतायच्या आदल्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. जिन्यातच घंटी ऐकली. टुंग. मी उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत चढले. वर गेले तर सर बाईंच्या खुर्चीत बसलेले. उजवा हात मांडीवर ठेवलेला. समोर रजिस्टर.

"बस," म्हणाले. "हजेरी चालू हाय."

मी बाकावर बसले. सरांनी चष्मा नीट केला.

"भोयर."

मी तोंड उघडलं. सतरा वर्षांची होते तेव्हापासून हजारदा दिलेलं उत्तर. दोन शब्द. आवाज फुटेना. मी पुन्हा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली. सर थांबले. जसे त्या कोऱ्या चौकटींपुढं थांबायचे तसे थांबले, माझ्याकडे बघत. घाई केली नाही.

मग त्यांनी कीबोर्ड अलगद माझ्याकडे सरकवला.

"नाई येत बोलता त राहू दे वो पोरी," म्हणाले. "कोणतंबी बटन दाब."

मी टिकली दाबली.